गोवर-रुबेलाची लस : मुलग्यांना कशासाठी?

श्रोतेहो, लसीकरणाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. रुबेलाचा खरा धोका पोटातल्या बाळाला, मग लस मुलग्यांना कशासाठी टोचायची? प्रश्न रास्त आहे. आज आपण त्याचाच विचार करू.

आधी दोन आजार वेगळे करून घेऊ. गोवर आपल्या ओळखीचा. ताप, खोकला, लाल डोळे, मग अंगभर पुरळ. ‘येतो आणि जातो’ असं आपण म्हणतो खरं. पण जाताना तो कधी न्यूमोनिया, कधी मेंदूला सूज, कधी अंधत्व मागे ठेवतो. शिवाय तो विलक्षण संसर्गजन्य आहे. कोणाकडेच प्रतिकारशक्ती नसेल, तर एका रुग्णापासून 12 ते 18 जणांना लागण होऊ शकते.

रुबेलाचं उलट आहे. मुलांना थोडा ताप, फिकट पुरळ, पुष्कळदा तेवढंही नाही. पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो आईला झाला, तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष होऊ शकतात. हा संबंध 1941 मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवून दिला.

मग फक्त मुलींना लस दिली तर? ब्रिटननं नेमकं हेच केलं. 1970 पासून तिथे शाळकरी मुलींना रुबेलाची लस मिळू लागली. पण विषाणू लहान मुलांमध्ये आणि पुरुषांमध्ये फिरतच राहिला आणि लस राहून गेलेल्या बायकांपर्यंत पोचत राहिला. अखेर 1988 पासून मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व बालकांना लस देणं सुरू झालं. विषाणू काही मुलगा-मुलगी बघून थांबत नाही!

इथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना कांट आठवतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असं तो सांगतो. मग दुसऱ्याच्या बाळासाठी या मुलग्याला सुई टोचणं म्हणजे त्याला साधन करणं नव्हे का? नव्हे. एक तर त्याच सुईतून त्याला स्वतःला गोवरापासून संरक्षण मिळतं. आणि दुसरं म्हणजे, तो स्वतः आईच्या पोटात होता, तेव्हा इतरांच्या प्रतिकारशक्तीचा आडोसा त्यालाही लाभलेला असतो. आपल्याकडे पितृऋण पुढच्या पिढीकडे फेडतात. हे तसंच आहे.

हा आडोसा टिकायला गोवराच्या बाबतीत सुमारे 95 टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. आपल्याकडे पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत, दुसरा 16 ते 24 महिन्यांत देतात. त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडं लसीच्या कामात अडथळा आणू शकतात. आणि दुसरा डोस कशाला? पहिल्यानं सगळ्याच मुलांमध्ये प्रतिकारशक्ती तयार होत नाही, म्हणून.

लसीत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. त्यामुळे आठवड्याभरानं काहींना ताप किंवा थोडं पुरळ येतं, आपोआप जातं. तीव्र ॲलर्जी क्वचितच होते. त्यासाठीच टोचल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबायला सांगतात. गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्यांना ही लस देत नाहीत. म्हणजे त्यांचं रक्षण शेवटी भोवतालच्यांनीच करायचं.

तेव्हा घरी गेल्यावर नातवंडांचं लसीकरणाचं कार्ड काढून बघू या. दुसऱ्या डोसची तारीख त्यावर आहे ना?