वॉटसनच्या लोखंडी वास्तूचे काय?

काळ्या घोड्यापाशी, डेव्हिड ससून ग्रंथालयापासून चार पावलांवर असलेल्या एस्प्लनेड मॅन्शनपुढून जाताना मुंबईकराची मान वर होते ती कौतुकाने नव्हे, सज्जा डोक्यावर तर कोसळणार नाही ना, या धास्तीने. ही धास्ती निराधार नाही. २००५ सालच्या जुलैत इमारतीचा एक भाग कोसळून एकाचा बळी गेला. २०१९ साली ती रिकामी करण्यात आली, आणि मुंबईच्या आय. आय. टी.च्या तज्ज्ञांनी ती पाडून टाकावी असा अभिप्राय दिला. वास्तुसंवर्धनातील जाणकारांनी त्यास विरोध केला. आमचा कौल या जाणकारांच्या बाजूने आहे.

या इमारतीचे मूळ नाव वॉटसन्स हॉटेल. १८६७ ते १८६९ या काळात ती उभी राहिली. रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याने तिचा आराखडा केला. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या भव्य छताशीही त्याचे नाव निगडित आहे. ओतीव लोखंडाचे खांब व तुळया इंग्लंडात घडविल्या गेल्या, जहाजाने मुंबईस आल्या आणि येथे जोडल्या गेल्या. भार भिंतींवर नाही, सांगाड्यावर; भिंती केवळ आडोशापुरत्या! आज या शहरातील प्रत्येक उत्तुंग इमारत ज्या तत्त्वावर उभी आहे, ते तत्त्व एका पांथशाळेच्या निमित्ताने येथे दीडशे वर्षांपूर्वी अवतरले. संपूर्ण ओतीव लोखंडी सांगाड्याच्या बहुमजली इमारतींपैकी जगात टिकून राहिलेल्या अगदी जुन्या वास्तूंत तिची गणना होते, ती उगीच नव्हे.

यावर कोणी विचारील की, जेथे केवळ गोऱ्यांना प्रवेश होता, ती वास्तू आम्ही का जपावी? प्रश्न क्षुल्लक नाही. जमशेटजी टाटांना या दारातून परत फिरविले म्हणून 'ताज' उभे राहिले, ही कथा मुंबईने इतक्यांदा ऐकली आहे की, तिचा पुरावा मागणेही असभ्यपणाचे ठरावे. (इतिहासकार तिच्याविषयी साशंक आहेत, हे जाता जाता नमूद केलेले बरे.) परंतु याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे या देशात प्रथम दाखविली गेली, आणि अवघ्या तीन वर्षांत, १८९९ साली, सावेदादा भाटवडेकर हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रीकरण करू लागले होते. दारावरच्या मज्जावाला न जुमानता जे बाहेर पडले, ते आमचे झाले. अपमानाची स्मृती राखावयाची तरी तिला जागा हवीच.

मात्र या दुरवस्थेचे खापर केवळ काळावर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. हॉटेल बंद पडल्यावर त्या प्रशस्त खोल्यांच्या लहान लहान खोल्या झाल्या. पोटमाळे चढले, गाळे आले, जवळच्या न्यायालयांमुळे वकिलांच्या कचेऱ्या आल्या. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्याने १९४० सालच्या पातळीवर गोठविलेल्या भाड्यात लोखंडाला रंगाचा एक हातही परवडण्याजोगा नव्हता. मालक म्हणे भाडे पुरत नाही, भाडेकरू म्हणे दुरुस्ती मालकाची. गंज मात्र कोणाचीच वाट पाहत नव्हता. वारसा-यादीत नाव घालून, निधीची तरतूद न करणारे शासन या तिसऱ्या पक्षातले.

दुरुस्ती अशक्य आहे, हे आम्हास पटत नाही. ओतीव लोखंड दाब सोसते, ताण सोसत नाही, ठिसूळपणे तडकते, हे खरे; आणि काम खर्चाचे व जोखमीचे आहे, हेही खरे. पण जी इमारत सुट्या भागांनी जहाजातून आली, तिचा निकामी भाग काढून नवा बसविणे हे तिच्या मूळ रचनेशी सुसंगतच आहे. वाढीव पोटमाळे आणि आडभिंती उतरविल्या की तिच्यावरचा अर्धा अन्याय दूर होईल. उरलेल्याचा खर्च मालक, भाडेकरू आणि शासन यांनी कोणत्या प्रमाणात उचलावयाचा, ते आकड्यांत ठरवून एका दिनांकासह जाहीर करण्यात यावे.