माहितीफलक, स्वयंचलित

उद्योगधंद्यातील उत्पादन, विक्री, साठा, येणे-देणे इत्यादींच्या संगणकीय नोंदींपासून आकडे, तक्ते व आलेख आपोआप तयार करून ते एकाच पडद्यावर मांडणारी व्यवस्था. व्यवहारात तिला ‘डॅशबोर्ड’ म्हणतात. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडविण्यासाठी घोडागाडीच्या पुढील बाजूस जी फळी बसवीत, तिचे हे मूळ नाव होय. पुढे मोटारगाडीतील वेगमापक, इंधनमापक इ. उपकरणांच्या फलकालाही तेच नाव मिळाले. चालकाला जसे एका दृष्टिक्षेपात गाडीची स्थिती कळते, तशी व्यवस्थापकाला धंद्याची स्थिती कळावी, हा या साधनाचा हेतू आहे.

इतिहास : आर्थिक आकडेवारी आलेखरूपाने मांडण्याचा पाया विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ साली प्रसिद्ध केलेल्या व्यापारविषयक आलेखसंग्रहात घातला. आकडे सतत गोळा करून ते एका ठिकाणी पाहण्याचा एक मोठा प्रारंभिक प्रयोग चिली देशात १९७१–७३ या काळात झाला. स्टॅफर्ड बिअर या ब्रिटिश व्यवस्थापनतज्ञाच्या मार्गदर्शनाखालील ‘सायबरसिन’ या प्रकल्पात सरकारी कारखान्यांतील आकडे टेलेक्सने सांतिआगो येथे येत आणि संगणक त्यांतील अनपेक्षित चढउतार शोधून काढी. तेथील षट्‌कोनी नियंत्रणकक्षात पडद्यांवर दाखवावयाच्या आकृत्या मात्र हाताने काढाव्या लागत. सप्टेंबर १९७३ मधील लष्करी उठावानंतर हा प्रकल्प संपुष्टात आला.

जॉन रॉकर्ट यांनी १९७९ साली असे प्रतिपादन केले की, वरिष्ठ अधिकाऱ्याला सर्व माहिती नको असते, तर धंद्याचे यश ज्यांवर अवलंबून आहे अशा मोजक्या बाबींची माहिती हवी असते. माहितीफलकाच्या आखणीचे हे आजही मूलसूत्र आहे. रॉबर्ट कॅप्लन व डेव्हिड नॉर्टन यांनी १९९२ मध्ये आर्थिक निर्देशकांना ग्राहक, अंतर्गत कार्यपद्धती आणि नवशिक्षण या अंगांची जोड दिली. आलेखाची निवड संगणकावर सोपविण्याचे महत्त्वाचे संशोधन जॉक मॅकिन्ले यांनी १९८६ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर ‘टॅब्लो’ (स्थापना २००३), ‘पॉवर बीआय’ (२०१५) इ. साधनांमुळे आज्ञावली न लिहिता फलक तयार करणे सामान्य कर्मचाऱ्यालाही शक्य झाले.

कार्यपद्धती : हे काम चार टप्प्यांत होते. प्रथम हिशेब, विक्री, गोदाम इ. विभागांच्या निरनिराळ्या संचयांतून नोंदी ठराविक वेळी काढून घेतल्या जातात. दुसऱ्या टप्प्यात त्यांची छाननी होते : दुबार नोंदी वगळणे, तारखा एकाच पद्धतीत आणणे, एकाच ग्राहकाची भिन्न प्रकारे लिहिलेली नावे जुळविणे इत्यादी. तिसऱ्या टप्प्यात कोष्टके परस्परांशी जोडून बेरजा, सरासऱ्या व प्रमाणे काढतात. शेवटी योग्य आलेख निवडून फलकाची मांडणी केली जाते.

आलेखाची निवड राशींच्या स्वरूपावरून होते. कालानुसार बदलणाऱ्या राशीसाठी रेषालेख, शाखांच्या तुलनेसाठी स्तंभालेख आणि दोन राशींतील संबंधासाठी बिंदुलेख वापरतात. विल्यम क्लीव्हलँड व रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ साली प्रयोगांनी दाखविले की, समान मापपट्टीवरील स्थानांची तुलना डोळा अचूक करतो. कोन व क्षेत्रफळ यांची तुलना त्या मानाने सदोष होते. म्हणून चांगले साधन वर्तुळालेखापेक्षा स्तंभालेखाला प्राधान्य देते. अलीकडे भाषिक प्रतिमानांच्या साहाय्याने नेहमीच्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाचे रूपांतर संगणकाच्या प्रश्नभाषेत करून फलक तयार करणारी साधनेही प्रचारात आली आहेत.

दोष व मर्यादा : फलक सुबक दिसला, म्हणजे त्यावरील आकडा बरोबर असतोच असे नाही. पुढील दोन चुका विशेष आढळतात. १०,००० रुपयांच्या एका मागणीत तीन वस्तू असतील आणि मागण्यांचे कोष्टक वस्तूंच्या कोष्टकाला जोडले, तर मागणीची रक्कम तीन ओळींत पुन्हा पुन्हा येते व बेरीज ३०,००० रुपये होते. दुसरी चूक प्रमाणांच्या सरासरीची. एका शाखेची विक्री १०० रुपये व नफा २० टक्के आणि दुसरीची विक्री ९०० रुपये व नफा ५ टक्के असल्यास साधी सरासरी १२.५ टक्के येते. प्रत्यक्षात १,००० रुपयांवर ६५ रुपये, म्हणजे ६.५ टक्के, एवढाच नफा झालेला असतो. दोन्ही प्रसंगी संगणकाच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते. त्यामुळे तो सावधगिरीची सूचनाही देत नाही.

व्याख्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. ‘विक्री’ ही मागणी आली तेव्हा धरावयाची, माल रवाना झाला तेव्हा की पैसे हाती आले तेव्हा, हे यंत्र ठरवू शकत नाही. दोन विभागांनी दोन व्याख्या धरल्यास एकाच महिन्याचे दोन आकडे निघतात आणि दोन्ही आपापल्या परीने खरे असतात. फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ साली चार आकडेसंच असे दिले की, त्यांच्या सरासऱ्या व सहसंबंध जवळजवळ सारखे, पण आलेख सर्वस्वी भिन्न होते. यावरून केवळ सारांशावर विसंबणे किती धोक्याचे आहे ते दिसते. तसेच एखादा निर्देशक उद्दिष्ट म्हणून लादला गेला की, कर्मचारी कामाऐवजी आकडा सुधारण्याकडे वळतात आणि निर्देशकाचे मोल घटते.

यासाठी प्रत्येक आकड्याची व्याख्या, त्याचा उगम व अद्ययावत केल्याची वेळ फलकावरच नमूद करणे, मूळ नोंदींपर्यंत जाण्याची सोय ठेवणे आणि ठराविक मुदतीने फलकावरील बेरीज हिशेबाच्या वह्यांशी पडताळून पाहणे आवश्यक असते. आकडेमोड व रेखाटन यंत्रावर सोपविता येते. कोणती गोष्ट मोजावयाची आणि त्यावरून कोणता निर्णय घ्यावयाचा, ही जबाबदारी व्यवस्थापकाचीच राहते.