अंजदीव : सात खलाशांचं बेट

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, एवढं शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. फौजा बेळगाव-सावंतवाडीकडून शिरल्या, दोन दिवसांच्या आत पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली, फारसं रक्त सांडलं नाही, अशी आपली समजूत. नौदलाचे सात जण एका लहानशा बेटावर उतरताना मारले गेले, हे त्यात कुठेच येत नाही. ते बेट म्हणजे अंजदीव. कारवारच्या किनाऱ्यापासून ते हाकेच्या अंतरावर आहे, पण कारभाराने ते गोव्याच्या काणकोण तालुक्यात मोडतं. लांबी जेमतेम दीड किलोमीटर.

या खडकावर एवढा जीव का टाकावा, याचं उत्तर त्याच्या जागेत आहे. बेटावर गोड्या पाण्याचे झरे आहेत आणि आडोशाला गलबतं नांगरता येतात. परतीच्या वाटेवर असलेला वास्को द गामा १४९८ मध्ये इथे थांबला. १५०५ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने किल्ला बांधायला घेतला, पण पोर्तुगीजांना तो लवकरच सोडून द्यावा लागला. इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगीज राजकन्या यांच्या १६६१ च्या विवाह-करारात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, तरी तिथले पोर्तुगीज अधिकारी ताबा देईनात. मग ताबा घ्यायला आलेला सर अब्राहम शिपमन आणि त्याचे चारशेच्या आसपास शिपाई अंजदीववर तळ टाकून वाट पाहत बसले. ताप आणि उपासमारीने त्यातले बहुतेक मेले, १६६४ मध्ये शिपमनही गेला. १६६५ मध्ये त्याचा चिटणीस हम्फ्रे कुक उरलेल्या मूठभर लोकांना घेऊन मुंबईत शिरला. मुंबईच्या इतिहासातलं हे पान अंजदीवच्या मातीत पुरलेलं आहे. पुढे १६८२ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी बेटावर किल्ला बांधायचं मनात आणलं. ही खबर लागताच पोर्तुगीजांनी घाईने बेट ताब्यात घेऊन स्वतःच किल्ला उभारला. संभाजी महाराजांना जे दिसलं होतं, तेच पावणेतीनशे वर्षांनी दिल्लीला दिसलं: कारवारच्या तोंडाशी परक्यांची तोफ असेल, तर हा किनारा आपला म्हणता येत नाही.

नोव्हेंबर १९६१ मध्ये ते खरंही झालं. बेटाजवळून जाणाऱ्या ‘साबरमती’ या प्रवासी जहाजावर पोर्तुगीज शिबंदीने गोळ्या झाडल्या. पाठोपाठ होडीतल्या एका मच्छीमाराचा जीव गेला. कारवारचे मच्छीमार समुद्रात जायला धजेनात.

बेट घेण्याचं काम नौदलाकडे आलं. ताफ्याची सूत्रं रिअर ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण यांच्याकडे होती. पुढच्याच वर्षी ते नौदलप्रमुख झाले. ‘त्रिशूल’ या फ्रिगेटवर कॅप्टन के. एल. कुलकर्णी होते, सोबतीला ‘म्हैसूर’ ही क्रूझर. किनाऱ्यावर उतरून लढणारं वेगळं दल नौदलाकडे तेव्हा नव्हतंच. जहाजावर काम करणाऱ्या खलाशांच्याच हाती बंदुका देऊन तुकडी उभी केली होती. १८ डिसेंबरला लेफ्टनंट अरुण ऑडिटो यांची पहिली तुकडी उतरली. नौदलाच्या वृत्तांतानुसार बेटावर पांढरं निशाण दिसलं आणि त्या भरवशावर पुढच्या होड्या निघाल्या, तर त्यांच्यावर गोळ्यांचा वर्षाव झाला. उघड्या होडीत आडोसा कसला? सात जण ठार, एकोणीस जखमी. मग जहाजांच्या तोफा बोलू लागल्या आणि १९ तारखेला बेट हाती आलं. शिबंदीतला एक गोमंतकीय शिपाई पोहत किनाऱ्याला लागला आणि २२ तारखेला सापडला. गोव्यातला राज्यपालांचा शरणनामा होऊन तेव्हा तीन दिवस उलटले होते.

आम्ही यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याचे. कापसाच्या मुलखातल्या माणसाला पाणी म्हणजे विहीर, नाहीतर बेंबळ्याचं धरण. घरच्यांना घेऊन गोव्याला गेलो, तेव्हा पोळेची सीमा ओलांडून कारवार गाठायचंच, हा माझा हट्ट होता. टागोरांच्या नावाच्या किनाऱ्यावर ‘चपळ’ ही क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून ठेवली आहे. भाचा तिच्यात रमला. नंतर गावाच्या दक्षिणेला, बिणग्याच्या बाजूला, आम्ही बेटाकडे पाहत उभे राहिलो. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बाप्पा! एवढ्या उघड्या पाण्यातून गेले ते?” भाच्याचा प्रश्न सरळ होता, “आत्या, तिथं जाता येते का?”

जाता येत नाही. अंजदीव आज ‘कदंब’ या नौदल तळाच्या आवारात आहे. हा तळ २००५ मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या बंदरासाठी घातलेल्या लाटारोधक भिंतींनी बेट किनाऱ्याला जोडलं गेलं आहे. सुरक्षेचं कारण खोटं नाही, हे मला मान्य आहे. पण बेटावर एक जुनं चर्च आहे. तिथल्या फेस्ताला गोव्या-कारवारचे ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या होड्यांतून जात असत, तेही थांबलं. त्या सात जणांचं स्मारक गोव्यात नौदलाच्या ‘गोमंतक’ तळाच्या आवारात आहे. म्हणजे जिथे ते पडले ती जागा कुंपणाआड, आणि जिथे त्यांचं स्मरण कोरलं आहे ती जागाही कुंपणाआडच. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर १९४४ साली दोस्त फौजा उतरल्या. तिथे आज कोणीही आजी-नातवंडांना घेऊन वाळूवरून चालतं. तो किनारा मोठा आणि ते युद्ध मोठं, हे खरं. पण मेलेल्याच्या आईचं दुःख युद्धाच्या आकारावर ठरत नाही.

नौदलाकडे आणि गोवा सरकारकडे माझी मागणी आहे. वर्षातून एक दिवस, १८ डिसेंबरला, ओळखपत्रं तपासून, हवं तर कॅमेरे-मोबाईल काढून घेऊन, लोकांना बेटावर जाऊ द्यावं. फेस्ताच्या दिवशीही तसंच करावं. ते होईपर्यंत बेट जिथून दिसतं तिथे रस्त्याच्या कडेला सातही नावं मराठी, कोंकणी आणि कन्नडमध्ये कोरून लावावीत. आणि गोव्याच्या सहलीला निघणाऱ्या वाचकांनी एक सकाळ कारवारसाठी राखून ठेवावी. सोबत मुलांना घ्यावं आणि बेटाकडे बोट दाखवून तिथे काय घडलं, ते त्यांना सांगावं.