पैसा पालकांच्या खात्यात, प्रवेश शाळेच्या हातात

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अपंग मुलांना आणि शासनाच्या देखरेखीखाली पालक-कुटुंबांत वाढणाऱ्या मुलांना ‘व्हाउचर’, म्हणजे केवळ खासगी शाळेची फी भरण्यासाठी वापरता येणारे अनुदान, देण्याच्या योजना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या, कारण खासगी व धार्मिक शाळांना सरकारी निधीतून मदत करण्यास राज्यघटनेची मनाई होती. त्यावर विधिमंडळाने २०११ मध्ये असा मार्ग काढला, की पैसा शाळेला न देता मुलाच्या शिक्षण बचत खात्यात जमा करावा आणि मान्य बाबींपैकी कशावर तो खर्चायचा हे पालकांनी ठरवावे. शाळा ही अनेक पर्यायांपैकी एक उरते, हा भेद अपील न्यायालयाने २०१३ मध्ये ग्राह्य धरला.

या खात्यात दर तिमाहीस हप्ता जमा होतो आणि सर्वसाधारण मुलासाठी ही रक्कम वर्षाला सुमारे ७,००० डॉलर, तर अपंगत्वाच्या स्वरूपानुसार त्याहून बरीच अधिक असते. शाळेची फी, खासगी शिकवणी, पाठ्यपुस्तके, वाचादोषावरील उपचार अशा गोष्टींवर ती खर्चता येते आणि शिल्लक पुढील वर्षी वापरता येते. मात्र त्यासाठी पालकांना करारावर सही करून मुलाला वाचन, व्याकरण, गणित, विज्ञान व समाजशास्त्र शिकवण्याची हमी द्यावी लागते आणि सरकारी शाळेतील प्रवेश सोडावा लागतो.

सर्व मुलांना ही सवलत देण्याचा प्रस्ताव मतदारांनी २०१८ मध्ये मोठ्या बहुमताने फेटाळला, तरी २०२२ मध्ये गव्हर्नर डग ड्यूसी यांच्या सहीने ती सर्वांना खुली झाली आणि सुमारे १२,००० असलेली लाभार्थी मुलांची संख्या दोन वर्षांत ७५,००० च्या वर गेली. विस्तारानंतरच्या पहिल्या अर्जदारांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुले आधी सरकारी शाळेत नव्हतीच. म्हणजे जो खर्च कुटुंबे स्वतः करत होती, त्याचा मोठा भार राज्याने उचलला.

निवडीचे स्वातंत्र्य मोलाचे आहे, परंतु या योजनेत ते अपुरे राहते, कारण खाते पालकांना पैसा देते, प्रवेशाचा हक्क देत नाही. खासगी शाळा अपंग मुलाला नाकारू शकते आणि त्या वेळी त्याला सामावून घेण्याचे कायदेशीर बंधन केवळ सरकारी शाळेवरच असते. म्हणून सार्वजनिक पैसा घेणाऱ्या प्रत्येक शाळेवर प्रवेशाचे तेच बंधन असणे न्याय्य ठरेल.