एका जागेमागे शंभर अर्ज: पोलीस भरतीच्या यादीत नाव नसतं तेव्हा

पुणे-सातारा महामार्गावर शिवरे गावाच्या आसपास पहाटे साडेपाचला गेलात, तर सर्व्हिस रोडच्या कडेनं पळणारी पोरं दिसतील. भरतीची जाहिरात निघाली की ही संख्या दुप्पट होते. यात आता आपल्या मोहल्ल्यातल्या पोरीही असतात. फजरची नमाज झाली की ट्रॅक पँट, पूर्ण बाहीचा टी-शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. आणि मागून हळूहळू मोटारसायकलवर भाऊ नाहीतर अब्बा. दहा वर्षांपूर्वी हे चित्र भोर तालुक्यात आम्ही तरी पाहिलं नव्हतं.

आम्ही शाळेत शिकवतो. संध्याकाळी चार-पाच मुलामुलींना भरतीचं गणित आणि मराठी व्याकरण सांगतो, फी घेत नाही. त्यामुळे निकाल लागला की पेढे आमच्याकडे येतात, आणि पेढे आले नाहीत तर पोरंच येतात, उशिरा, मान खाली घालून. हा लेख त्या दुसऱ्या प्रकारच्या पोरांसाठी आहे. त्यांच्या घरच्यांसाठी तर जास्तच.

आधी भरती चालते कशी, ते नीट समजून घेऊ. घरातल्या मोठ्यांना ते माहीत नसतं आणि सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो.

पोलीस शिपाई व्हायला बारावी पास लागते. उंची मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. पहिला टप्पा मैदानाचा, ५० गुणांचा. मुलांना १६०० मीटर धावणं, मुलींना ८०० मीटर, याला २० गुण. १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मैदानात निम्मे, म्हणजे २५ गुण मिळाले पाहिजेत. पण २५ मिळाले म्हणजे लेखीला बोलावतीलच असं नाही. प्रत्येक प्रवर्गात जेवढ्या जागा, त्याच्या दहापट उमेदवार लेखीला बोलावतात. लेखी १०० गुणांची, मराठीतून: अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, व्याकरण. त्यात ४० टक्के आवश्यक. मग दोन्हींची बेरीज आणि गुणवत्ता यादी.

म्हणजे मैदान गाजवून लेखीला बसलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण घरी जाणार, हे जाहिरात निघते त्या दिवशीच ठरलेलं असतं. ती नऊ पोरं नालायक नसतात, जागा एक असते. २०२४ च्या भरतीत राज्यात १७ हजार ४७१ जागा होत्या आणि अर्ज आले साधारण १७ लाख ७६ हजार. एका जागेमागे शंभरावर. शिपाई, चालक, कारागृह, राज्य राखीव दल असे वेगवेगळे अर्ज एकच पोरगा भरतो, त्यामुळे माणसं अर्जांपेक्षा कमी असतात हे खरं. तरीसुद्धा हिशोब फारसा हलत नाही. हा आकडा आम्ही पालकांना पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दाखवतो. काहींना ते अपशकुनी वाटतं. "सर, आधीच असं कशाला बोलताय?" म्हणतात.

आता या स्पर्धेची वेगळी गोष्ट. खासगी कंपनीत मुलाखत दिली आणि नाही जमलं, तर शेजाऱ्याला कळतसुद्धा नाही. इथं छातीवर नंबर लावून शेकडो लोकांसमोर पळायचं. कॅमेरे चालू. यादी लागते तीसुद्धा नाव, प्रवर्ग आणि गुणांसकट. ती पीडीएफ तासाभरात गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते आणि ज्यांनी कधी विचारपूस केली नाही असे लोक त्यात तुमचं नाव शोधतात. निवड झालेल्याचा फ्लेक्स चौकात लागतो. न झालेल्याला त्याच फ्लेक्सखालून रोज दूध आणायला जावं लागतं. यादी जाहीर लागते हे चांगलंच आहे, त्यामुळे गडबड करणं अवघड होतं. पण त्या उघडेपणाची किंमत पोरं मोजतात.

आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. अब्बांचं हायवेला पंक्चरचं दुकान, घरात शिकलेली पहिली तीच. २०२४ च्या पावसाळ्यात तिचं मैदान झालं. ८०० मीटर छान गेलं, गोळाही बरा पडला. १०० मीटर १४.२ सेकंद. मुलींना १४ सेकंदांच्या आत पूर्ण १५ गुण मिळतात. त्याच्या पुढं गेलं की सरळ १२. मधलं काही नाही. दोन दशांश सेकंदाला तीन गुण. पुढे लेखी झाली, यादी लागली आणि खुल्या प्रवर्गातल्या महिलांची यादी तिच्या दोन गुण वर येऊन थांबली.

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी नातेवाईक आले. मय्यत झाल्यासारखे बसले. कुणी म्हणालं, "अल्लाह की मर्जी." कुणी म्हणालं, "हो गया ना शौक पूरा? अब रिश्ता देखो." ही दोन्ही वाक्यं आपल्या घरांत सोबतच येतात. पहिल्याचा आधार घेऊन दुसरं रेटलं जातं, आणि त्याचा आम्हाला राग आहे. सब्र म्हणजे हात बांधून बसणं, असं कुणी शिकवलं?

तिसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली. आम्ही आधी चहा दिला. मग कोरा कागद घेतला आणि गुण टप्प्याटप्प्यानं लिहून काढले. निकालानंतर करण्यासारखं पहिलं काम हेच, कारण "मी नापास झाले" या वाक्यात काहीच सापडत नाही. कागदावर मात्र सापडतं. तिच्या कागदावर दोन गोष्टी निघाल्या. एक १०० मीटरची. सुरुवातीला ती उठायला उशीर करत होती; हे सरावानं सुटणारं आहे. दुसरी गोष्ट वाईट होती, आणि त्यात तिचा काहीच दोष नव्हता.

घर तांबोळ्यांचं. मुस्लिम तांबोळी महाराष्ट्रात ओबीसीत येतात. तसेच बागवान, अत्तार, मणियार, पिंजारी. पण अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं. ओबीसीचा दाखला काढायला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, जात स्पष्ट लिहिलेला पुरावा लागतो. तो शोधायला घरात कुणालाच वेळ झाला नव्हता. म्हणून तिनं खुल्यातून अर्ज भरला. आणि ओबीसी महिलांची यादी त्याच ठिकाणी तिच्या गुणांच्या खाली जाऊन थांबली होती. आम्ही ते दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सर, हे अब्बांना सांगू नका."

आम्ही सांगितलं. रागावून नाही, पण सांगितलं. पोरगी पहाटे उठून पळते, तेवढं तिचं काम. आजोबा-पणजोबांची नोंद शोधणं हे घरातल्या मोठ्यांचं काम. १९४८ पर्यंत भोर हे संस्थान होतं, जुनी दप्तरं बरीच मोडीत आहेत. शाळेचं जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुक, जमिनीची कागदपत्रं, सगळीकडे बघावं लागतं. मोडी वाचणारा गाठावा लागतो. चार चकरा होतात. ज्यांची जात ओबीसीत नाहीच, त्यांनी उत्पन्नाच्या अटीत बसत असल्यास ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. तो मुसलमानांनाही मिळतो, हे अजून कित्येकांना माहीत नाही. २०१४ मध्ये मुस्लिमांसाठी ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला होता, तो त्याच वर्षअखेर संपला. त्याची चर्चा अजून चालते, पण हातात असलेल्या दाखल्यांची होत नाही. अल्पसंख्याक उमेदवारांसाठी सरकारची भरतीपूर्व प्रशिक्षणाची योजना आहे, तिची चौकशीही जिल्ह्याच्या ठिकाणी करावी.

पैशाचं एक. निकालानंतरच्या आठवड्यात 'सेटिंग'वाले फिरतात. पुढच्या वेळी नक्की करून देतो, एवढे लाख ठेवा. दुखावलेला बाप त्या दिवसांत कुठंही सही करेल. उंची, धावण्याची वेळ, उत्तरपत्रिका, यातलं काहीही हा माणूस बदलू शकत नाही. शंका असेल तर मैदानावर त्याच दिवशी तक्रार करता येते, लेखीच्या उत्तरतालिकेवर हरकत घेता येते. त्याला लाख लागत नाहीत.

आपल्या साइटवर यशाच्या बातम्या येतात, याव्यातच. जालन्याच्या शेलगावचे अन्सार शेख २०१६ च्या निकालात एकविसाव्या वर्षी यूपीएससीत ३६१ वे आले. यवतमाळची अदीबा अनम २०२५ च्या एप्रिलमध्ये १४२ वी आली. दोघांचेही वडील रिक्षाचालक, आणि बातम्यांत रिक्षा ठळक होती. पण अदीबाचा तो चौथा प्रयत्न होता. आधीच्या तीन निकालांच्या दिवशी त्या घरात काय वातावरण असेल, त्या संध्याकाळी कोण काय बोललं असेल, याची बातमी कुणी केली नाही. आम्हाला तीच वाचायची होती.

चौथा प्रयत्न प्रत्येकाला परवडतोच असं नाही, हेही बोललं पाहिजे. खुल्या प्रवर्गात वय २८ ला संपतं, मागास प्रवर्गात ३३ ला. बूट, प्रवास, अकॅडमीची फी, आणि त्या काळात न कमावलेला पगार. म्हणून आम्ही पोरांना अर्ज भरतानाच ठरवायला लावतो: किती प्रयत्न, कोणत्या वर्षापर्यंत, आणि सोबत काय करायचं. निकालानंतर डोकं ठिकाणावर नसतं, तेव्हा ठरवलेलं सगळं एकतर "आता कधीच नाही" असतं किंवा "मरेपर्यंत हेच". आमचे दोन विद्यार्थी ठरवून थांबले. एक खेड शिवापूरजवळ कंपनीत सुपरवायझर आहे, दुसऱ्यानं स्वतःचा टेम्पो घेतला. त्यांना हरलेले म्हणणाऱ्यांनी स्वतः एकदा १६०० मीटर पळून दाखवावं.

घरच्यांसाठी एवढंच. पहिले दोन-तीन दिवस सल्ला देऊ नका, तुलना करू नका, पोराला एकटंही सोडू नका. जेवत नाही, झोपत नाही, 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' असं बोलतो, तर ते नाटक समजू नका. २०२१ मध्ये पुण्यात एमपीएससीच्या मुलाखतीची वाट पाहणाऱ्या एका तरुणानं जीव दिला, ते सगळ्या राज्यानं पाहिलं. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतूनही.

ती मुलगी? रिश्ते आले. तिनं अब्बांकडे एक भरती मागून घेतली, आणि अब्बांनी दिली. कदाचित त्या दोन आकड्यांमुळे. एका मेडिकल दुकानात ती अर्धा दिवस काम करते. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं पोलिसांच्या सुमारे १५ हजार जागांच्या भरतीला मंजुरी दिली, त्याच्या आधीच अब्बांना जुन्या शाळेच्या रजिस्टरात पणजोबांची नोंद सापडली होती. रकान्यात स्वच्छ अक्षरात 'तांबोळी'. जातीचा दाखला हातात आला आहे. नॉन-क्रीमी लेयरचा मात्र अजून तहसीलमध्ये आहे, आणि त्यासाठी सोमवारी दुकान बंद ठेवून अब्बा स्वतः भोरला जाणार आहेत.