आधी चिपाडे, मग बी

राणीच्या बागेत महापालिकेचे फुले, फळे आणि भाज्यांचे प्रदर्शन भरले, की भायखळ्यातल्या बऱ्याच घरांत बियांची पाकिटे येतात. बी रुजते, चार पाने फुटतात आणि रोप तिथेच थबकते. दोष सहसा बियांना दिला जातो. असतो मात्र मातीचा. कुंडीत ठासून भरलेली लाल माती चार पाण्यांत आवळून येते आणि मुळांना पाण्याइतकीच लागणारी हवा आत शिरेनाशी होते.

शिवाय वजन. ओली माती लिटरमागे दीड किलोच्या वर भरते. 20 लिटरचे पाच डबे म्हणजे दीडशे किलो! जुन्या चाळीच्या लाकडी गॅलरीत ते मांडण्याआधी दहादा विचार करावा.

यावरचा तोडगा मुंबईतच निघाला आहे. डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर भाजी पिकवताना माती कमी आणि उसाची चिपाडे भरपूर वापरली. गोदीत मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 च्या सुमारास बाग सुरू केली, ती तिथल्याच ओल्या कचऱ्यावर.

या ओल्या कचऱ्याच्या जोडीला चिपाडेच का? कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नायट्रोजनमागे 25 ते 30 भाग कार्बन लागतो. भाजीची देठे आणि साली यांत कार्बन त्या मानाने कमी, पाणी मात्र फार. नुसत्या सालींनी डबा भरला, की जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो, हवा कोंडते आणि हवेविना जगणाऱ्या जिवाणूंचे फावते. त्यांचा हायड्रोजन सल्फाइड सडक्या अंड्यासारखा घमघमतो. मग शेजारी दार वाजवतात. चिपाडात नायट्रोजन नावापुरता, कार्बन मात्र भरपूर. शिवाय त्याच्या धाग्यांत हवा खेळती राहते. रसवंतीवाला ती आनंदाने देतो, त्याला तेवढीच कचऱ्यातून सुटका. फक्त धुऊन, वाळवून, बारीक तोडून घ्यावीत, नाहीतर उरल्यासुरल्या साखरेवर मुंग्यांची रांग लागते. चिपाडे नसतील तर सुका पाला चालतो.

उरले ऊन. टोमॅटो-वांग्याला रोज सहा तास थेट ऊन हवे, आणि इमारतींच्या दाटीत ते क्वचितच मिळते. तिथे हट्ट न करता समुद्रमेथी लावावी. मुंबईच्या किनाऱ्यालगत रेतीत पिकणारी, मुळांसकट इवल्या जुड्यांनी विकली जाणारी हीच ती. एवढ्या कोवळ्या वयात रोप मुख्यतः बियांतल्या शिदोरीवरच वाढते, म्हणून खताविना भागते. बी मात्र फोडणीच्या डब्यातले घ्यावे; पेरणीच्या पाकिटातल्या बियांना पुष्कळदा बुरशीनाशक चोळलेले असते. रात्रभर भिजवून रेतीच्या पसरट ट्रेमध्ये दाट पेरली, की दोनेक आठवड्यांत काढता येते. निवडायला वेळ लागत नाही, धुवायला लागतो. वाळूचा एक कण राहिला, तरी भाजी दाताखाली कचकचते.