मळ्यातल्या कुत्र्यालाही वेळेवर खुराक द्या
(ऊस विकास विभागाकडून)



उसाला नत्राचा हप्ता केव्हा द्यायचा, हे आता आपल्याला सांगावे लागत नाही. लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि बांधणीला उरलेले ४० टक्के. सगळे खत एकदम ओतले किंवा आठवण होईल तेव्हा टाकले, तर पैसा वाया जातो. पण मळा राखणाऱ्या कुत्र्याला हा हिशेब आपण लावत नाही.

गेल्या हंगामात तोडणीच्या प्रोग्रॅमसाठी आम्ही गिरणाकाठच्या एका मळ्यावर गेलो होतो. दिवस मावळला होता. अंगणात कुत्र्याची साखळी होती, कुत्रा नव्हता. आम्ही विचारले, "नाना, कुत्र्याला जेवायला कधी घालता?" नाना हसले. "साहेब, त्याला काय वेळ लागते? आमचं आटोपलं की उरलंसुरलं टाकतो. नाही उरलं तर जातो तो टोळीच्या कोप्यांवर." आठ दिवसांनी निरोप आला, कोप्यांवरून फडाच्या कडेने रात्री परतताना कुत्रा गेला. सकाळी सरीत बिबट्याचे ठसे होते. नानांनी दोन दिवस नीट जेवण केले नाही.

ही एकट्या मळ्याची गोष्ट नाही. शेजारच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातील शेतीच्या मुलखात बिबट्या काय खातो याचा अभ्यास झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे अंधारात भाकरीसाठी हिंडणारा कुत्रा आपला जीव तर घालवतोच, शिवाय बिबट्याला वस्तीची वाट दाखवतो. त्याच अंगणात आपली लेकरे खेळतात.

वेळ कोणती ठेवावी?

मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोन वेळा पुरे. एक सकाळी धारा काढून झाल्यावर, दुसरी दिवस मावळण्याच्या अर्धा तास आधी. "त्या वेळी चूल कुठे पेटलेली असते?" असे घरातील माऊली म्हणतील. बरोबर आहे. म्हणून दुपारच्या भाकरीतूनच त्याचा वाटा बाजूला काढून ठेवावा. ताटली पंधरा-वीस मिनिटे ठेवून उचलावी. उष्टे पडून राहिले की उंदीर आणि भटकी कुत्री येतात. पाण्याचे भांडे मात्र दिवसभर भरलेले असावे.

रात्री उशिरा खायची सवय असेल तर एकदम बदल करू नये. रोज पंधरा मिनिटे वेळ अलीकडे आणावी, आठ-दहा दिवसांत जमते. रशियातील शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवरच दाखवून दिले, की ठराविक खूण झाली की अन्न दिसण्याआधीच कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. आपल्याकडे त्यासाठी भोंगा आहेच. रोज त्याच वेळी ताटली वाजवली, एकच हाक मारली, तरी कुत्रा असेल तिथून घरी येतो.

जेवण झाल्यावर तासभर त्याला पळवू नये. नंतर रात्री पडवीत किंवा दाराआड बंद ठेवावा. उघड्यावर साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

काय द्यावे, काय देऊ नये?

नुसत्या बाजरीच्या भाकरीवर कुत्रा पोसत नाही. भाकरी वरणात कुस्करावी, अधूनमधून उकडलेले अंडे द्यावे. दुधाने पातळ संडास होत असेल तर दूध बंद करावे. फासळ्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत, इतका खुराक बेताचा समजावा.

आता महत्त्वाचे. कांद्याच्या मुलखात आपण राहतो, पण कांदा कुत्र्याला विष आहे. त्याने रक्तातील लाल पेशी फुटतात. शिजवल्याने दोष जात नाही. लसणाचेही तसेच. तेव्हा कांदा-लसणाचा रस्सा भाकरीवर ओतू नये. द्राक्षे व बेदाणे यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते. शिजलेल्या कोंबडीची हाडे फुटून टोकदार होतात, आतडे फाडतात.

पिल्ले आणि व्यालेली कुत्री

दूध सुटलेल्या पिल्लाला तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. दूध पाजणाऱ्या कुत्रीला तीन वेळा पोटभर द्यावे.

वेळेवर खाणाऱ्या कुत्र्याचा आणखी एक फायदा आहे. त्याने एक वेळ तोंड फिरवले की दुखणे लगेच कळते. उपाशी भटकणाऱ्याचे दुखणे चार दिवस कळत नाही. तो हाकेला घरी असतो, म्हणून पिसाळण्याची लस तीन महिन्यांचा झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी टोचता येते. कोणाला कुत्रा चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावत बसू नये.

नानांनी आता नवे पिल्लू आणले आहे. परवा संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा सूर्य अजून वर होता आणि ताटली रिकामी झाली होती. आपणही आजपासून वेळ ठरवा. खर्च एका भाकरीचाही वाढत नाही.